तळ्याकाठचं पान

साठीला टेकली तरी घरात तिला धाकटीच म्हणत. बाहेर ती मॅडम होती, शिल्पकार होती, वर्तमानपत्रात तिच्या नावाआधी ‘ज्येष्ठ’ लागायला लागलं होतं, पण कारखान्याच्या दारातून आत शिरली, की मोठा भाऊ तोंडावरची काळी काच वर करून ओरडायचा, “आली का धाकटी? चहा टाका रे!” आणि मग सगळं ज्येष्ठपण दाराबाहेरच राहायचं.

कारखाना वडिलांचा. कारखाना म्हणायचं आपलं. पत्र्याच्या छपराखाली दोन वेल्डिंगच्या मशिनी, एक कापायची, आणि भिंतींना टेकवून ठेवलेली लोकांची फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे. धाकटी शाळेतून थेट तिथेच यायची. दप्तरात पुस्तकांपेक्षा पालापाचोळाच जास्त. वाळक्या शेंगा, बोंडं, गोगलगायीचे रिकामे शंख. आई वैतागून म्हणायची, “ही पोरगी शाळेत जाते की चरायला?” वडील मात्र काही बोलत नसत. एकदा तिने उरल्यासुरल्या तारेतून वाकवलेली वेल त्यांनी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि सरळ एका गिऱ्हाइकाच्या फाटकावर जोडून टाकली. गिऱ्हाईक खूश झालं. मग त्याच्या शेजाऱ्यालाही वेल हवी झाली, शेजाऱ्याच्या मेहुण्यालाही. धाकटीचं असं सुरू झालं.

पुढे ती कलाशाळेत गेली. दादा गेला नाही, कारण तोवर वडील अंथरुणाला खिळले होते आणि मशीन चालवायला कोणीतरी हवंच होतं. पण या गोष्टीवरून दोघांत कधी वाकडं आलं नाही. तिच्या डोक्यात यायचं आणि दादाच्या हातून उतरायचं. लग्न तिने केलं नाही. त्यावर बोलून बोलून घरातले सगळे दमले आणि शेवटी विषयच म्हातारा होऊन मेला. वहिनीने एक ताट वाढवलं, भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, आत्या काही परकी वाटली नाही.

तिचं पहिलं मोठं काम म्हणजे एका शाळेच्या आवारातलं कासव. पोरांनी त्याच्यावर बसून, घसरून त्याची पाठ अशी काही गुळगुळीत करून टाकली, की दादा म्हणायचा, “पोरांच्या चड्ड्यांसारखं पॉलिश आपल्या मशीनला जन्मात जमणार नाही.” मग इस्पितळाच्या अंगणातली मुळं. जमिनीतून वर येऊन वळसे घेत पुन्हा जमिनीत जाणारी, आणि त्या वळशांत माणसाला टेकता येईल अशी. आत ज्यांचं कोणी आजारी असे, ती माणसं तिथे येऊन बसत. एक दिवस त्या लोखंडी मुळाला कवटाळून रडणारी एक बाई तिने लांबून पाहिली आणि पुढे न जाता ती तशीच मागे फिरली. घरी आल्यावर दादाला एवढंच म्हणाली, “मुळांचं काम बरं झालंय आपलं.”

चौकातल्या बगळ्यांनी मात्र तिला भांडायला शिकवलं. उंच, काटकुळे, पाण्यात उभे राहावेत तसे गवतात उभे केलेले राखाडी बगळे. शहरात कसल्याशा मोठ्या स्पर्धा भरल्या, आणि पाहुण्यांना सगळं प्रसन्न दिसावं म्हणून पालिकेने ते बगळे पिवळेधमक रंगवून टाकले. दादा चौकात उभा राहून म्हणाला, “बदकं झाली गं यांची!” तो हसला, पण धाकटी हसली नाही. ती सभांना गेली, निवेदनं दिली, इतर कलावंतांना जमवलं, अधिकाऱ्यांच्या दारात बसून राहिली. शेवटी पालिकेने नियम केला: सार्वजनिक शिल्प मूळ रूपातच राहील, त्यात कोणीही बदल करायचा नाही. कोणीही म्हणजे कोणीही. हा शब्द तिने हट्टाने घालून घेतला होता. बगळे पुन्हा राखाडी झाले आणि त्या दिवशी वहिनीने गोड केलं.

त्यानंतर तळ्याकाठचं पान आलं.

तळ्याच्या काठी जुनी, दाट झाडं होती. त्या झाडांच्या तोंडाशी एक प्रचंड पान उभं करायचं तिने ठरवलं. वाऱ्यावर गिरक्या घेत आलेलं आणि देठ मातीत रुतून उभंच राहिलेलं, कडा जराशी वळलेली. तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी टोकाला हात पोचू नये, एवढं उंच. सगळं न गंजणाऱ्या पोलादाचं. दादाने आणि त्याच्या माणसांनी पत्रे ठोकून ठोकून वळवले, जोडले, जोड घासून नाहीसे केले. मग पॉलिश. आधी खरखरीत चाकं, मग मऊ, मग नुसतं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, चाक आणि लेप. दादाने एका टप्प्यावर मशीन बंद केली. पान तेव्हा ढगाळ दिवसासारखं मंद दिसत होतं.

“इथे थांबू या का? छान दिसतंय.”

“अजून, दादा.”

“अगं, माझं तोंड दिसायला लागलंय त्यात. अजून काय हवंय तुला?”

“झाड दिसायला हवंय. इतकं स्वच्छ, की पान आहे हेच कळू नये.”

आणि तसंच झालं. उद्घाटनाला वरचं कापड ओढलं तेव्हा क्षणभर लोकांना वाटलं, खाली काही नाहीच. नुसती झाडं, आभाळ, तळं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की आपणही त्या झाडांत उभे आहोत, आणि एकच कल्लोळ झाला. त्या दिवसापासून पान शहराचं झालं. ते बसवर आलं, शाळांच्या बिल्ल्यांवर आलं, पाण्याच्या बाटल्यांवर आलं. नवी जोडपी लग्नाच्या कपड्यांत तिथे फोटो काढायला येत. परगावचा पाहुणा आला की त्याला आधी पान दाखवायचं, मग घर.

काही वर्षं अशी सुखात गेली. मग पानाला दहा वर्षं होणार म्हणून एका मासिकाला तिचा पानासोबत फोटो हवा झाला. फोटोग्राफर म्हणाला, सूर्य उगवतानाचा उजेड सगळ्यात चांगला. थंडी नुकती सुरू होत होती. धाकटी शाल गुंडाळून पानासमोर उभी राहिली. फोटोग्राफर कॅमेरा लावत होता. झाडांत पाखरांचा नुसता गलका चालला होता. लांबून येणारे थवे त्या दिवसांत तळ्यावर उतरत.

धप्प असा आवाज झाला. गादीवर मुठीने मारल्यासारखा.

तिने मागे वळून पाहिलं. पानाच्या पायथ्याशी, गवतात, हिरवट पाठीचं एक पाखरू पडलं होतं. मूठभर. चोच उघडी, मान विचित्र वळलेली. तिने उचललं तेव्हा ते गरम होतं. वर पानावर, झाडाची फांदी जिथे अगदी खरीखुरी दिसत होती तिथे, एक पुसटसा डाग होता, आणि त्याला एक पीस चिकटलं होतं.

“आदळलं वाटतं,” फोटोग्राफर म्हणाला. “तुम्ही तो डाग सोडा, मॅडम. आम्ही नंतर फोटोतून काढून टाकतो. नेहमीच काढतो.”

“नेहमी?”

त्याला बिचाऱ्याला काय माहीत आपण काय बोललो ते. “हो म्हणजे, सकाळी असतातच की दोन-चार डाग. झाडलोट करणारे येतात तोवर.”

धाकटीने गवतात पाहायला सुरुवात केली. झुडपाखाली एक. कठड्यामागे दोन, मुंग्या लागलेली. तिने तोवर पान पाहिलं होतं ते दुपारी, संध्याकाळी, पाहुण्यांसोबत, साफसफाई झाल्यावर. सकाळच्या माणसांना सगळं ठाऊक होतं. तिला सांगावं असं कोणालाच वाटलं नव्हतं, किंवा सांगायला जीभ रेटली नव्हती.

फोटो काही तिने काढू दिला नाही. ती तशीच कारखान्यात गेली आणि दादासमोर पाखरू गुंडाळलेला रुमाल उघडला. दादाने चष्मा लावून पाखराकडे बराच वेळ पाहिलं.

“त्याला झाडच वाटलं गं ते,” तो म्हणाला.

तेवढं बोलून त्याने मशीन बंद केली, आणि त्या दिवशी पुन्हा सुरूच केली नाही.

उद्यान अधिकारी तरुण होता, आणि वाईट मुळीच नव्हता. धाकटीला पाहताच उठून उभा राहिला. “मॅडम, आमच्या लग्नाचा फोटो तुमच्या पानापुढचा आहे,” म्हणाला. तिने सगळं सांगितलं. त्याने मान खाली घालून ऐकलं.

“चकाकी घालवायची, एवढंच करायचंय,” ती म्हणाली. “आम्ही घासून देतो. माझा भाऊ आहे, त्याची माणसं आहेत. पान मंद दिसेल, पण पान राहील.”

“मॅडम, मूळ रूप बदलता येत नाही. तुम्हाला तर माहीतच आहे.”

“पण मीच केलंय ना ते!”

“नियमात कोणीही असं लिहिलंय.” तो इतका ओशाळला, की आपणच काहीतरी चोरलंय असं त्याचं तोंड झालं. “तुमच्यामुळेच झाला तो नियम. आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात.”

तरी त्याने विषय कलासमितीपुढे ठेवला. समितीत तिच्या ओळखीचीच माणसं होती. काहींना तर तिने शिकवलं होतं. पाखरांना पान वेगळं दिसावं म्हणून तिने त्यावर ठिपके लावायचं सुचवलं. समिती म्हणाली, देवीचे व्रण आल्यासारखं दिसेल. तिने झाडांकडची बाजू तरी घासू द्या म्हटलं. समिती म्हणाली, मग निम्मं शिल्प राहील. एका जुन्या विद्यार्थ्याने तिचा हात हातात घेतला. “बाई, तुम्ही फार हळव्या झाला आहात. तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आहे हे. आम्ही ते तुमच्यापासूनही जपणार.” थंडीच्या दोन महिन्यांत कापड घालायचं तेवढं कसंबसं मान्य झालं. कापड आलं, चढलं, आणि आठवडाभरात उतरलं. लांबून पान पाहायला आलेल्या लोकांनी आरडाओरडा केला होता. तिने निवेदनं पाठवली, फोन केले. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा दादाच म्हणाला, “चल. आपणच घासू.”

दोघं उजाडता उजाडता गेली. दादाचे गुडघे आता धड वाकत नव्हते, म्हणून तो घडीच्या स्टुलावर बसला आणि त्याने हाताच्या मशीनला खरखरीत चाक लावलं. धाकटी हाताने घासू लागली. पोलादाचा तो करकर आवाज तिच्या दातांत शिरत होता. तिच्याच हातांनी ती तिचंच काम खरवडत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट एक माणूसभर जागा राखाडी झाली आणि तिथलं झाड विझलं, तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

फिरायला आलेली माणसं जमली. एक बाई पुढे आली. “अहो, काय चाललंय? लाज नाही वाटत या वयात? शहराची वस्तू आहे ती!”

“मी केलंय हे पान,” धाकटी म्हणाली.

“हो का? मग तळं मी खणलंय!”

लोक हसले. कोणीतरी फोन केला होताच. पहारेकऱ्यांनी दादाच्या हातातून मशीन घेतली. दादाने आयुष्यात कोणाला मशीन हातातून घेऊ दिली नव्हती. त्याने ती सोडली आणि रिकाम्या पंजाकडे पाहत स्टुलावर बसून राहिला. मग तो तरुण अधिकारी धावत आला, त्याने लोकांना पांगवलं, तक्रार होऊ दिली नाही, दोघांना स्वतः गाडीतून घरी सोडलं. दोघं उतरताना तो म्हणाला, “मॅडम, मला दुसरं काही सांगा. हे सोडून काहीही सांगा.”

खरवडलेली जागा पुन्हा चकचकीत करायचं काम कोणाकडे जाणार? ज्यांनी पान केलं त्यांच्याकडेच. देखभाल पहिल्यापासून कारखान्याकडे होती आणि कारखाना आता भाचाच पाहत होता. तो आत्याच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत मात्र आला नाही.

“आत्या, मी नाही म्हणू शकतो. पण मग ते दुसऱ्याला बोलावतील. तो ओरखडे पाडेल.”

“पाडू दे की.”

“मग पूर्ण पानच पुन्हा पॉलिश करावं लागेल. पहिल्याहून जास्त.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. भाच्याने माणसं पाठवली. त्यांनी काम चोख केलं. दादाच्या हाताखालीच शिकलेली ती. दादा मुलाशी पुढे कितीतरी दिवस जेवताना बोलला नाही. वहिनी दोघांच्या मधे बसून दोघांना वाढत राहिली.

दहा वर्षांचा समारंभ थाटात झाला. धाकटी जाणारच नव्हती. मग तिला वाटलं, एवढी माणसं एकाच जागी पुन्हा कधी भेटणार? समितीने ऐकलं नाही, पण लोक ऐकतील. लोकांनी आग्रह धरला तर समिती काय करणार? दादालाही ते पटलं. तिने काय बोलायचं ते घोकून ठेवलं, वहिनीने तिला नीटनेटकं तयार केलं, आणि ती तळ्याकाठच्या मंचावर चढली. पान मागे दिव्यांनी लखलखत होतं. समोर हजारो माणसं.

माइकपुढे घोकलेलं सगळं विरून गेलं. तोंडात आलं ते बोलली.

“तुम्हाला ठाऊक नाही,” ती म्हणाली, “पण या पानावर पाखरं जीव टाकतात.”

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. तिला आधी कळेचना काय झालं. मग कळलं. तिने दोन्ही हात वर केले, “नाही, नाही, ऐका... मरतात ती. आदळून मरतात. रोज सकाळी.” पण टाळ्या थांबत नव्हत्या, पुढच्या रांगेतल्या काहींनी ऐकलं असावं, त्यांचे चेहरे जरासे उतरले. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने प्रसंगावधान राखून हसत माइक घेतला. “पाहिलंत? पाखरंसुद्धा जिच्यावर जीव ओवाळून टाकतात अशी कला! आणि आजही स्वतःच्या कामाबद्दल एवढी तळमळ!” लगेच वाद्यं सुरू झाली. धाकटीला फुलं दिली, शाल दिली, दोन्ही बाजूंनी आधार देऊन अलगद खाली उतरवलं. खाली एक आजी तिच्या पाया पडायला वाकल्या. तिने त्यांना धरलं, वर उठवलं, आणि मग ती त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. आजी तिची पाठ थोपटत म्हणाल्या, “आनंदाचे आहेत गं, येऊ देत.”

त्यानंतर तिने नवीन काम घेतलं नाही. नमुना करायच्या मातीला हात लावायला गेली, की आधी मनात यायचं, हे कोणाला खरं वाटलं तर? दुसऱ्या एका शहराने तसंच पान मागितलं. तिने नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी एक मोठं फूल करून घेतलं. तेही आरशासारखंच आहे असं ऐकून ती आतल्या खोलीत जाऊन पडून राहिली.

पुढच्या थंडीच्या तोंडाला दोघा भावंडांनी एक उद्योग सुरू केला. उजाडायच्या आत तळ्यावर जायचं, पानाच्या दोन बाजूंना उभं राहायचं आणि थवा जवळ आला की जोरजोरात टाळ्या वाजवायच्या. “हट! हट! तिकडे!” म्हणून ओरडायचं. थवा दचकून वर उठायचा, पानावरून निघून जायचा. टाळ्या वाजवायला तरी नियम आड येत नव्हता. फिरायला येणाऱ्यांना तो व्यायाम वाटला. दोघं-चौघं शेजारी येऊन उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. हळूहळू पंधरा-वीस जण झाले. “रक्ताभिसरण सुधारतं,” एक निवृत्त मास्तर सगळ्यांना सांगायचे. धाकटीने पहिल्या दिवशी त्यांना खरं कारण सांगून पाहिलं. ते म्हणाले, “ते तर आहेच, शिवाय खांदेही मोकळे होतात.” मग तिने कारण सांगणं सोडलं. टाळ्या तरी वाजत होत्या.

त्या सकाळी धुकं होतं. टाळ्या वाजत असताना, वीस माणसांच्या हातांवरून, एक पाखरू सरळ पानातल्या झाडाकडे गेलं. धप्प झालं. मास्तरांनी “अरेरे” म्हटलं आणि हात झटकत राहिले. धाकटीने वाकून ते उचललं. पाय हलत होते, मग थांबले.

हळूहळू माणसं आपापल्या कामाला पांगली. ऊन चढायला लागलं तसं पानात आभाळ स्वच्छ निळं दिसू लागलं, आणि त्या निळ्यात झाडाच्या शेंड्यापासून शेंड्यापर्यंत पाखरांची ये-जा सुरू झाली. दादा बाकावर बसला होता. त्याचे तळवे लालभडक झाले होते, ते तो मांड्यांवर पालथे ठेवून गार करत होता.

“धाकटे,” तो म्हणाला, “सकाळचं आपण बघतो. दुपारी कोण उभं राहणार गं?”

झाडांतून आणखी एक थवा उठला होता. तिने पाखरू बाकावर ठेवलेल्या आपल्या शालीच्या टोकावर ठेवलं आणि ती पुन्हा टाळ्या वाजवायला उभी राहिली.